नोकरीच्या कागदावरचे दोन शब्द

दिवाळीच्या सुमारास मध्यमवर्गीय घरात दोन प्रकारचे वाचनीय कागद येतात. एक म्हणजे दिवाळी अंक. आणि ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी शिकून तयार झाली आहे, त्या घरात दुसरा, नेमणुकीचा कागद. पहिला कागद सारे घर आळीपाळीने वाचते. आजोबा व्यंगचित्रांपासून सुरुवात करतात, आई कथा आधी संपवते, आणि राशिभविष्यावर विश्वास नसलेले वडील ते पान कोणी पाहत नाही असे बघून हळूच उघडतात. दुसऱ्या कागदाचे नशीब मात्र निराळे. त्यातील पगाराचा आकडा तेवढा सर्वांना तोंडपाठ होतो, देवापुढे पेढे ठेवले जातात, शेजारीपाजारी बातमी पोचते, आणि उरलेली पाच-सात पाने न वाचताच चिरंजीव शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळे होतात.

त्या न वाचलेल्या पानांत एक वाक्य हटकून असते. कंपनी मोठी असो की छोटी, पुण्याची असो की परदेशातली, त्या वाक्याची ठेवण बहुधा ठरलेली. 'आय शॅल अबाइड बाय द रूल्स' अशी त्याची सुरुवात, आणि पुढे 'आज असलेले व वेळोवेळी केले जाणारे' अशा अर्थाचे एक लांबलचक शेपूट. सही पडते ती या वाक्याखाली. म्हणजे आयुष्यातली पहिली मोठी सही आपण ज्या दोन शब्दांसाठी करतो, ते दोन शब्द 'अबाइड बाय'. त्यांचा अर्थ काय?

मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजीच्या शेतात नांगर घालू नये हे मला कळते. परंतु खामगावसारख्या गावात मराठीचा प्राध्यापक हा केवळ मराठीचा प्राध्यापक नसतो. एकेकाळी येथील कापसाचा बाजार असा नावाजलेला होता की, जलंबपासून खामगावापर्यंतचा तेरा-एक किलोमीटरचा आगगाडीचा फाटा खास त्या कापसासाठी टाकला गेला आणि १८७० साली तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला. आज गावाचे नाव चांदीच्या व्यापारासाठीही घेतले जाते. पण गाव कितीही नावाजले तरी कागद वाचून दाखविणारा माणूस तेथे लागतोच. लग्नपत्रिकेचा मजकूर, सत्काराचे मानपत्र, तहसील कचेरीतला अर्ज, सारे आमच्याकडे येते. तसा गेल्या वर्षी दसऱ्यानंतर माझा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. रसायनशास्त्रात पदवी घेतलेला, हुशार मुलगा. पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागलेली. वडील मेहकरकडचे कापूस-सोयाबीनचे शेतकरी.

मुलाचा प्रश्न नेमका होता. तो म्हणाला, "सर, 'अबाइड बाय' म्हणजे कोशात 'पालन करणे' असे दिले आहे. पण 'ओबे' म्हणजेही 'पालन करणे', 'ऑब्झर्व्ह' म्हणजेही 'पालन करणे', आणि 'कंप्लाय विथ' म्हणजेही तेच. मग चार शब्द कशाला?"

वडिलांचा प्रश्न त्याहून नेमका होता. "सर, पोरगं सांगते का दोन सालं नोकरी सोडता येत नाही, अन् सोडली तं लाख रुपये भरा लागते. मंग हे सालदारकीच झाली ना?"

बापलेकांचे हे दोन प्रश्न वरवर पाहता वेगळे. पण उत्तर शोधू लागलो तेव्हा ते एकाच ठिकाणी जाऊन मिळाले.

ऐकणे वेगळे, राहणे वेगळे

आधी मुलाचा प्रश्न घेऊ. इंग्रजीत 'पालन' या एका कल्पनेसाठी जी चार-पाच क्रियापदे आहेत, त्यांच्या पोटात शिरले की प्रत्येकाचे घराणे निराळे दिसते.

'ओबे' हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'ऐकणे' हा अर्थ आहे. आपल्याकडे याहून वेगळे काय आहे? "हा मुलगा माझे ऐकत नाही," अशी आईची तक्रार असते, तेव्हा मुलाच्या कानात काही दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. संस्कृतातली 'शुश्रूषा' हीसुद्धा मुळात 'ऐकण्याची इच्छा'. पुढे तिचा अर्थ सेवा झाला. म्हणजे ऐकणे हे आज्ञेचे असते, आणि आज्ञा म्हटली की एक सांगणारा व एक ऐकणारा आलाच.

'ऑब्झर्व्ह' म्हणजे लक्ष ठेवून जपणे. आपण व्रत पाळतो, सुतक पाळतो, गाय पाळतो. 'पाळणे' या शब्दात रक्षण आहे, म्हणूनच तान्ह्या मुलाच्या झोळीलाही पाळणा म्हणतात. 'कंप्लाय' या शब्दाच्या मुळाशी 'पुरे भरणे' आहे. सरकारी कचेरीतून "त्रुटींची पूर्तता करावी" असे पत्र येते, त्यातली 'पूर्तता' म्हणजे शब्दशः तीच. आणि 'अडहिअर टु' म्हणजे चिकटून असणे. त्याचे कूळ चिकटपट्टीचेच आहे.

आता 'अबाइड'. हा शब्द लॅटिनचा नव्हे, जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा. त्याचा मूळ अर्थ थांबणे, वाट पाहणे, राहणे. राहण्याचे ठिकाण या अर्थाचा 'अबोड' हा इंग्रजी शब्द त्याचाच सख्खा भाऊ. एकोणिसाव्या शतकातले 'अबाइड विथ मी' नावाचे एक ख्रिस्ती भजन गांधीजींच्या आवडीचे होते. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीट समारंभात त्याची धून अनेक वर्षे वाजत असे, २०२२ साली ती वगळण्यात आली. त्या नावातला अर्थ 'माझ्या सोबत राहा' एवढाच आहे. तेथे नियमही नाही आणि पालनही नाही. निव्वळ राहणे आहे.

या 'राहण्या'पुढे 'बाय', म्हणजे 'जवळ', हा शब्द लागला आणि 'अबाइड बाय' तयार झाले. ज्याला आपण शब्द दिला त्या शब्दाजवळ राहणे, तेथून न हलणे. तेव्हा 'अबाइड बाय' हे 'ओबे' नव्हे. ओबे करायचे ते माणसाला. अबाइड बाय करायचे ते माणसाला नव्हे, तर कराराला, निकालाला, कायद्याला. "मी साहेबांना अबाइड बाय करतो" हे इंग्रजीच होत नाही. "मी निकालाला अबाइड बाय करतो" हे होते.

आणि यात आणखी एक बारकावा आहे. कबड्डीच्या मैदानावर पंच एखाद्या गड्याला बाद ठरवतो. गड्याला तो निर्णय पटलेला नसतो. तो डोक्याला हात लावतो, पण मैदानाबाहेर जातो. हे अबाइड बाय. निर्णय पटला पाहिजे असे नाही. पण खेळात उतरताना पंच मानू असे आपण म्हटले होते, त्या म्हणण्याजवळ आपण राहिलो. आपल्या संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांतल्या पहिल्याच कर्तव्यात, कलम ५१-क मध्ये, इंग्रजी पाठात 'अबाइड बाय' हेच क्रियापद आहे. मराठीत आपण त्याला संविधानाचे 'पालन' म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण इंग्रजी शब्दाची छटा पाहिली की असे वाटते, नागरिकाला येथे कोणी हुकूम सोडलेला नाही, तर आपणच आपल्याला दिलेल्या शब्दाजवळ राहा, एवढेच सांगितले आहे.

"सालाने राहिला"

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. शहरातल्या वाचकांना कदाचित 'सालदार' हा शब्द परका वाटेल. आमच्या वऱ्हाडात आणि शेजारच्या खानदेशात शेतीच्या कामासाठी वर्षाच्या बोलीने गडी ठेवण्याची जुनी पद्धत आहे. गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया असा मुहूर्त धरायचा आणि पुढल्या वर्षीच्या त्याच सणापर्यंत करार करायचा. रोख रक्कम किती, वर ज्वारी किती, कपडे आणि वहाणा कोणी घ्यायच्या, हे सारे तोंडी ठरे. बहुतेक वेळा गड्याला आरंभीच काही उचल मिळे, आणि ती फिटेपर्यंत साल अर्धवट टाकता येत नसे. कागद नाही, शिक्का नाही. चारचौघांसमोर दिलेला शब्द हाच दस्तऐवज. यात माणुसकीने वागणारे धनी होते, तसेच उचलीच्या दोरीने गड्याला वर्षानुवर्षे बांधून ठेवणारेही होते. म्हणूनच त्या शेतकऱ्याच्या प्रश्नात थट्टेपेक्षा काळजी अधिक होती. मुलाला कॉलेजात घातले ते सालदारकी चुकावी म्हणून. आणि त्याच्या पहिल्याच कागदात 'दोन सालं' आणि 'लाख रुपये'!

परंतु या सालदारकीची भाषा बघा. गडी सालाने 'लागला' असे म्हणतात, तसेच "तो पाटलाकडे सालाने राहिला" असेही म्हणतात. 'कामाला राहिला', 'नोकरीला राहिली', 'चाकरीस राहिला' हे आपण रोज बोलतो. पत्करलेले काम म्हणजे राहणे, ही कल्पना आपल्या भाषेत पहिल्यापासून आहे. आमच्या वऱ्हाडीला तर 'राहणे' इतके प्रिय की ती ते सगळ्याच क्रियांना जोडते. पुण्याचा माणूस "मी जेवतो आहे" म्हणेल तेथे आमचा माणूस "जेवून रायलो" म्हणतो. जुन्या दस्तऐवजांची अखेर वाचा: "सदरहू अटी उभयतांवर बंधनकारक राहतील." असतील नव्हे, राहतील. 'अबाइड'चा अर्थ शोधत इंग्रजी कोशांची पाने उलटली, तर तो आमच्या बोलीत आणि आमच्या स्टॅंपपेपरवर बसलेला सापडला.

एवढेच नव्हे. 'करार' हा शब्द आपण अरबी-फारसीतून घेतला. त्याचा मूळ अर्थ आहे स्थैर्य, ठाव, चित्त एका जागी असणे. हिंदी चित्रपटगीतांतून 'बेकरार' झालेले नायक आपण पुष्कळ ऐकले आहेत. बेकरार म्हणजे ज्याचा जीव जागेवर राहत नाही तो. मग करार म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. 'नोकरी कायम झाली' यातला 'कायम' हाही अरबी, आणि त्याचा अर्थ 'उभा असलेला'. संस्कृताकडे वळलो तर 'निष्ठा' ही 'स्था' या धातूपासून आलेली. तिचा मूळ भाव एका ठिकाणी ठाम असणे हाच. इंग्रजी, अरबी आणि संस्कृत या तीन दूरदूरच्या भाषा. पण माणसाने शब्द दिला म्हणजे त्याने काय करायचे, यावर तिघींचे एकमत: जागचे हलायचे नाही.

सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांच्या पुत्राने राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, कारभारातल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. राज्य आपले, तर कागदही आपल्याला कळला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. त्या काळातल्या पदनाम कोशाला लोकांनी थट्टेने 'बदनाम कोश' म्हटले, हे खरे. पण सरकारी कागद मराठीत आला तो त्याच खटाटोपातून. खाजगी नोकरीचा कागद मात्र अजून बहुधा इंग्रजीतच येतो, आणि तो वाचणाऱ्या घरात इंग्रजी असतेच असे नाही.

एका हाताचा करार

आता मुद्द्याची गोष्ट. राहणे एकतर्फी कसे होईल? गडी सालाने राहिला तर धन्यानेही वर्षभर त्याला ठेवावे लागे. जुन्या मुलकी कारभारात यासाठी दोन कागद असत. सरकार किंवा जमीनधारक देई तो 'कौल', आणि कूळ उलट लिहून देई ती 'कबुलायत'. कौलात देणाऱ्याचा शब्द, कबुलायतीत घेणाऱ्याचा. आजही मराठी करारनाम्यात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष शेजारी शेजारी असतात. कौल नसलेली कबुलायत म्हणजे एका हाताची टाळी.

आमच्या वऱ्हाडाला एका हाताच्या करारांची चांगली ओळख आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर त्यांनी तो 'कायमच्या' पट्ट्याने घेतला. ते 'कायम' इंग्रजी सत्तेबरोबर १९४७ साली आटोपले. ज्यांच्या जमिनींचा आणि माणसांचा हा व्यवहार होता त्यांना कोणी कागद वाचून दाखविला नव्हता.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र कायद्याने कागद वाचायला मिळण्याची सोय केली. १९४६ साली औद्योगिक आस्थापनांच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या पाळ्या, रजा, शिस्तभंग, नोकरीतून कमी करणे, या सर्वांचे नियम मालकाने लेखी करून प्रमाणित करून घ्यायचे. आणि ते बहुसंख्य कामगार ज्या दारातून आत येतात त्या दाराजवळ, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, फलकावर लावायचे, अशी त्यात तरतूद होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, आणि तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना स्थायी आदेशांचे प्रकरण लागू केले आहे. परंतु १९४६ च्या त्या फलकामागचा विचार जुना होणारा नाही. ज्याच्याजवळ राहायचे ते आधी दिसले पाहिजे.

'वेळोवेळी'चे शेपूट

माझ्या विद्यार्थ्याच्या कागदात हीच अडचण होती. नियम 'आज असलेले आणि वेळोवेळी केले जाणारे'. आज असलेले नियम त्याला कोणी दाखविले नव्हते, आणि उद्या होणारे कोणीच दाखवू शकत नव्हते. न पाहिलेल्या घरात राहायला जाण्याचे वचन द्यावे, आणि घरमालकाने भिंती हव्या तशा हलविण्याची परवानगीही त्याच सहीने द्यावी, असा हा प्रकार.

असे करार न्यायालयापुढे गेले म्हणजे काय होते? याची तीन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत.

पहिले आपल्या महाराष्ट्रातले. १९६३ साली सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात, टायरसाठी लागणारा धागा तयार करण्याच्या विभागात, एक तरुण पाळी-पर्यवेक्षक पाच वर्षांच्या कराराने लागला. तंत्र परदेशातून आणलेले, म्हणून मुदतीत दुसऱ्याकडे तसले काम करायचे नाही ही अट. मुदत संपण्याआधीच तो कोटा येथील दुसऱ्या कारखान्यात जास्त पगारावर गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. करार चालू असताना तसले काम दुसरीकडे न करण्याचे बंधन म्हणजे धंदा करण्यास मज्जाव नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. नोकरी संपल्यावरही तुम्ही अमके काम करायचे नाही, अशी अट मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही.

दुसरे १९८६ चे. कलकत्त्याच्या एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नियमांत, कायम नोकराला तीन महिन्यांची नोटीस किंवा पगार देऊन, कारण न सांगता काढता येईल, असे कलम होते. नोकरांनी ते नियम मान्य केले होते; सही होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ते कलम लोकहिताच्या धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरविले. एक बाजू बलाढ्य आणि दुसरी गरजू, गरजूला 'सही कर नाही तर नोकरी सोड' याखेरीज वाटच नाही, अशा कराराकडे न्यायालय डोळे उघडे ठेवून पाहील, हा त्या निकालाचा गाभा.

तिसरे अगदी ताजे, मे २०२५ मधले. विजया बँकेत, जी आता बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली आहे, एक अधिकारी तीन वर्षे नोकरी करीन, नाहीतर दोन लाख रुपये भरीन, या अटीवर रुजू झाला. मुदतीआधीच दुसऱ्या बँकेत गेला, रक्कम तक्रार नोंदवून भरली, आणि न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयात तो जिंकला. सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली. सरकारी बँकेला भरतीसाठी मोठा खर्च आणि खटपट करावी लागते, पद वरच्या श्रेणीचे आहे, रक्कम अवास्तव नाही, हे पाहून अट योग्य ठरली.

तीन निकालांचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येणार नाही, आणि मी वकीलही नाही. पण सामान्य घराने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सही ही नुसती रीत नव्हे. न वाचता केली तरी ती सहीच असते. आणि सही झाली म्हणून वाटेल ते कलम पवित्र होत नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, तेथे वाचून, विचारून, शहाणपणाने वागायचे असते, आणि ते सहीच्या आधी करणे स्वस्त पडते.

मग काय झाले?

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून कागद पहिल्यापासून वाचला. मी वाक्य मराठीत सांगे, मुलगा पेन्सिलीने खूण करी, आणि वडील मध्येच "थांबा सर, हे पुन्हा सांगा" म्हणत. सगळ्यात चांगले प्रश्न त्यांचेच होते. बोली करून माणूस ठेवण्याचा आणि ठरण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता; आमच्या गाठी नुसती इंग्रजी. "लाख रुपये कायचे? शिकवाचे का?" त्यांनी विचारले. कागदात प्रशिक्षणाचा उल्लेख होता, पण ते किती दिवसांचे आणि कशाचे, हे नव्हते. "अन् त्याहीनं याले मधातच काढलं तं, ते लाख देतीन का याले?" या प्रश्नावर आम्ही दोघेही गप्प झालो, कारण कौल-कबुलायतीचे सारे शास्त्र त्या एका वाक्यात होते. आणखी एका कलमात मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवण्याची अट होती.

मुलाने कंपनीला सभ्य भाषेत चार ओळींचे पत्र लिहिले. सध्याच्या नियमांची प्रत मिळावी. प्रशिक्षणाची मुदत आणि स्वरूप कळावे. कंपनीने नोकरीवरून कमी केल्यास बाँडची रक्कम लागू होणार नाही हे स्पष्ट व्हावे. आणि मूळ गुणपत्रिकांऐवजी साक्षांकित प्रती चालतील का ते सांगावे. पत्र पाठविताना त्याचा हात जरा कापत होता. नोकरी गेली तर, ही भीती घरात आठ दिवस होती, आणि आईने मला त्याबद्दल दोन शब्द ऐकविलेही. आठव्या दिवशी उत्तर आले. नियमांची बेचाळीस पानी प्रत आली, प्रती चालतील असे कळले, आणि कंपनीने काढल्यास रक्कम मागणार नाही हेही लेखी मिळाले. दोन वर्षांची अट मात्र तशीच राहिली. प्रशिक्षण तीन महिन्यांचे आहे हे समजल्यावर वडिलांना ती गैर वाटली नाही. "शिकवून रायले तं थांबाच लागते," ते म्हणाले.

मुलाने सही केली आणि तो रुजू झाला. 'वेळोवेळी'चे शेपूट कागदात अजून आहेच. ते कापून मिळाले नाही. पण नियम बदलले की त्याची प्रत मागायची असते, हे त्याला आता ठाऊक आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा कागद येईल, त्यांनीही एवढे करावे. कागद एकदा मोठ्याने, आपल्या भाषेत, सर्वांसमोर वाचावा. 'अबाइड बाय' हे शब्द जेथे येतील तेथे थांबून दोन प्रश्न विचारावेत: कशाजवळ राहायचे आहे, आणि समोरचा कशाजवळ राहणार आहे? पहिल्याचे उत्तर कागदात नसेल तर ते मागून घ्यावे. दुसऱ्याचे उत्तर नसेल तर ते लेखी मिळते का पाहावे. रक्कम मोठी असेल तर वकिलाची फी भरायला कुरकुरू नये. पेढ्यांना आपण त्याहून फार कमी खर्च करतो असे नाही. आणि घरात जो सर्वांत कमी शिकलेला, पण व्यवहारात मुरलेला माणूस असेल, त्याला या वाचनाला मुद्दाम बोलवावे.

आणि एकदा विचारपूर्वक सही केली की मात्र तिच्याजवळ राहावे. मुदतीत दुसरीकडे दोन हजार जास्त मिळतात म्हणून रातोरात फोन बंद करून नाहीसे होणारी मुलेही मी पाहिली आहेत. त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी कागद अधिक कडक होतो. अट जाचक असेल तर भांडावे, पण ते उजेडात भांडावे. शब्दाला जागणे असे आपण म्हणतो. जागणे म्हणजे झोपेत सही न करणे, आणि सही केल्यावर झोपी न जाणे, असे दोन्ही त्यात येते.

पाडव्याला व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, आणि त्यानंतर त्या वहीत जे लिहिले जाईल ते खरे मानायचे असते. यंदा ज्या घरात नोकरीचा कागद आला असेल, त्यांनी तोही त्या दिवशी देवापुढे जरूर ठेवावा. मात्र आदल्या दिवशी तो वाचून काढावा. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.